‘हाड सरकले’ म्हणण्यापूर्वी



सदाशिव पेठेत जुने वाडे आता थोडेच उरले आहेत. ज्यांनी वाड्यातला जिना पाहिला आहे, त्यांना वरून सोडलेला तो जाड दोर आठवत असेल. पायऱ्या लाकडी, अरुंद आणि उभ्या. धरायला कठडा नाही, म्हणून दोर. बाळंतपणाला दोन-अडीच महिने झालेली सून त्या दोराला धरून उतरताना एक पाय खालच्या पायरीवर टेकवी, दुसरा त्याच पायरीवर आणी आणि मग पुढची पायरी घेई. लहान मूल उतरते तशी. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असे, “काही नाही, कंबर धरली आहे.” वाडे गेले, लिफ्ट आल्या, पण ते उतरणे संपलेले नाही. आता ते स्कूटरवरून पाय टाकताना दिसते, रात्री अंथरुणावर कूस बदलताना दिसते, मुलाला कडेवर घेऊन दूध उतू जाऊ नये म्हणून धावताना दिसते. आणि उत्तरही बदललेले नाही.

हे दुखणे पुष्कळदा कंबरेचे नसतेच. पाठीच्या कण्याच्या तळाशी त्रिकास्थी नावाचे त्रिकोणी हाड असते. त्याच्या दोन बाजूंना श्रोणीची दोन रुंद हाडे जोडलेली असतात. या जोडणीच्या जागी उजवीकडे एक आणि डावीकडे एक असे दोन सांधे असतात. डॉक्टर त्यांना सॅक्रोइलियाक सांधे म्हणतात. आपण सोयीसाठी त्रिकसंधी म्हणू. पुढे, ओटीपोटाच्या खाली, हीच दोन हाडे कूर्चेच्या एका सांध्याने परस्परांना जोडलेली असतात. तीन सांध्यांचे हे कडे. वरचा धडाचा सगळा भार या कड्यातून दोन पायांत वाटला जातो, आणि चालताना पायाने जमिनीला दिलेला धक्का याच वाटेने वर येतो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाची कमान डोळ्यांपुढे आणा. माथ्यावरचा पाचरीसारखा दगड वरच्या वजनानेच अधिक घट्ट बसतो. त्रिकास्थीचेही काहीसे तसेच आहे. फरक एवढाच, की कमान एका जागी उभी असते आणि आपले कडे बाजारात जाते, जिने चढते, दुचाकीवर बसते.

हा सांधा हलतो तरी किती? बॉल टाकताना खांदा जसा फिरतो तसा तो फिरत असावा, अशी अनेकांची कल्पना असते. १९८९ साली स्वीडनमधील संशोधकांनी टँटलम धातूचे सूक्ष्म गोळे रुग्णांच्या हाडात बसवून, वेगवेगळ्या स्थितींत क्ष-किरण छायाचित्रे घेऊन ही हालचाल मोजली. ती सरासरी अडीच अंशांच्या आसपास भरली, आणि सरकणे एका मिलिमीटरहूनही कमी. दुखऱ्या आणि न दुखणाऱ्या बाजूंत लक्षणीय फरक आढळला नाही.

ही गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण आपल्याकडे या दुखण्याभोवती जी भीती दाटली आहे ती एका वाक्यातून येते : “हाड सरकले.” कोणी म्हणते माकडहाड सरकले, कोणी म्हणते खुबा वर चढला, कोणी दोन पाय शेजारी ठेवून एक आखूड झाल्याचे दाखवते. उसण भरली तर पायाळू माणसाकडून कमरेला लाथ मारून घ्यावी, ही समजूत तर घरोघर होती आणि पेठेत पायाळू माणसाला त्यामुळे थोडाफार मानही होता! हाडवैद्याने कडकन आवाज काढला की हाड ‘बसले’. गंमत अशी, की ही समजूत अशिक्षितांचीच होती असे नाही. पाश्चात्य देशांतील नामवंत उपचारकही अनेक वर्षे हेच सांगत : श्रोणी वाकडी झाली आहे, ती हाताने सरळ करू. १९९८ साली स्वीडनमध्येच त्या दाव्याची परीक्षा झाली. उपचारकांनी हाताने तपासून श्रोणी वाकडी असल्याचे सांगितले, मग झटका देऊन ‘सरळ’ केली आणि पुन्हा तपासून सरळ झाल्याचा निर्वाळा दिला. गोळ्यांच्या साह्याने केलेल्या मोजमापात मात्र सांध्याची स्थिती जराही बदललेली नव्हती.

मग आराम कसा पडतो? कारण पडतो, हेही खोटे नाही. आकसलेले स्नायू झटक्याने काही काळ सैल होतात, वेदनेचे संदेश क्षीण होतात, आणि कोणीतरी आपल्या दुखण्याला हात लावला याचाही एक परिणाम असतो. पण आठ-पंधरा दिवसांत दुखणे परतते, रुग्ण पुन्हा हाड बसवायला जातो, आणि आपले शरीर म्हणजे कधीही निखळणारी खुर्ची आहे असा त्याचा समज पक्का होत जातो. अशी भयभीत स्त्री वाकणे टाळते, उचलणे टाळते, चालणे कमी करते. स्नायू दुबळे होतात. दुबळ्या स्नायूंमुळे सांध्यावरचा ताण वाढतो. मूळ दुखण्यापेक्षा हे चक्र अधिक घातक आहे.

वैद्यकशास्त्राचेही या सांध्याकडे पाहण्याचे दिवस फिरत राहिले आहेत. १९०५ साली बोस्टनच्या गोल्डथ्वेट आणि ऑसगुड या डॉक्टरांनी कंबरदुखीचे मूळ या सांध्यात असू शकते असे मांडले आणि काही वर्षे सर्वत्र त्याचाच बोलबाला झाला. १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधील चकती सरकून नस दाबली जाते हे दाखवले. तेव्हापासून चकती सिंहासनावर बसली आणि त्रिकसंधी अडगळीत पडला. एमआरआय आल्यावर तर प्रत्येक कंबरेत एखादी फुगलेली चकती दिसू लागली. चाळिशीनंतर केसांत रुपेरी बट दिसावी तशी ती अनेक निरोगी माणसांतही दिसते, हे मात्र अहवाल हातात घेऊन घाबरलेल्या कुटुंबाला कोणी सांगत नाही. सांध्यात भूल देणारे औषध टोचून काटेकोर तपासणी केली तेव्हा, दीर्घकाळ कंबर दुखणाऱ्यांपैकी साधारण पंधरा ते तीस टक्के लोकांत वेदनेचा उगम या सांध्यात असल्याचे दिसून आले. म्हणजे हा प्रकार विरळा नाही, आणि प्रत्येकाचा आजारही हाच नाही.

तो ओळखावा कसा? रुग्ण बहुधा एका बोटाने जागा दाखवतो : नितंबाच्या वर जिथे खळी असते, तिच्या किंचित खाली आणि आत. वेदना नितंबात, कधी मांडीच्या मागच्या बाजूला उतरते. गुडघ्याखाली क्वचित जाते. एका पायावर उभे राहून सलवार घालताना, अंथरुणात वळताना, गाडीतून उतरताना चमक येते. गर्भारपणात पुढचा सांधाही दुखू शकतो; मग चालताना मांड्यांच्या सांध्याशी कळ येते आणि मांडी घालून बसवत नाही. जाणकार फिजिओथेरपिस्ट सांध्यावर वेगवेगळ्या दिशांनी ताण देणाऱ्या चार-पाच चाचण्या करतो. एकट्यादुकट्या चाचणीला अर्थ नाही. तीन किंवा अधिक चाचण्यांत तीच नेहमीची वेदना उमटली, तर संशय बळावतो. आणखी एक साधी चाचणी आहे : उताणे झोपून, गुडघा न वाकवता, एक पाय वीतभर उचलायचा. पाय शिशासारखा जड वाटला, आणि दोन्ही बाजूंनी श्रोणी हातांनी आवळून धरल्यावर तोच हलका झाला, तर उपचाराची दिशाच मिळते. कड्याला बाहेरून आधार हवा आहे, आणि तो आतल्या स्नायूंकडून मिळवायचा आहे.

इथे थोडे थांबून एका वेगळ्या रुग्णाविषयी बोलले पाहिजे, कारण त्याच्या बाबतीत चूक झाली तर ती वर्षानुवर्षे भोवते. तो बाळंतीण नसतो. विशी-पंचविशीचा, बहुधा व्यायामाची आवड असलेला तरुण असतो. पहाटे तीन-चारला कंबरदुखीने त्याला जाग येते. सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी ताठ असते आणि फिरल्यावर मोकळी होते. विश्रांतीने दुखणे वाढते, हालचालीने घटते. इतर कंबरदुख्यांच्या नेमके उलट. कधी एका बाजूचे नितंब दुखते, कधी दुसऱ्या. घरचे म्हणतात, गादी बदल. मित्र म्हणतात, व्यायाम बंद कर. हा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असू शकतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच यात सांध्यांवर उलटते आणि तिचा पहिला हल्ला बहुधा त्रिकसंधीवर होतो. तो पुरुषांत अधिक आढळतो असे मानले गेले, त्यामुळे स्त्रियांतला तर आणखी उशिरा ओळखला जातो. निदानास कित्येक वर्षे लागतात आणि तोवर कणा वाकत जातो. अशा तरुणाला संधिवाततज्ज्ञाकडे नेले पाहिजे. औषधे लागतात, आणि व्यायाम तर जन्मभर लागतो. तो बंद करायचा नसतो. ताप, घटते वजन आणि एकाच बाजूची सतत वेदना असेल तर या सांध्याचा क्षयरोगही मनात धरावा लागतो. आपल्या देशात ही शक्यता पुस्तकी नव्हे. आणि लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरता येणे, पायातील शक्ती जाणे यांपैकी काही घडले, तर शेक-मालिशीत तासही घालवू नये, रुग्णालय गाठावे.

आता उपचार. विद्युत शेक, अल्ट्रासाउंड, तारा जोडून मुंग्या आणणारे यंत्र यांना आपल्याकडे फार प्रतिष्ठा आहे. फिजिओथेरपिस्टने नुसते व्यायाम शिकवले तर पैसे वाया गेले असे वाटते. खोक्यातून ‘टुं’ असा आवाज आला की उपचार झाला! शेकाने बरे वाटते, म्हणून त्याला कोणी वाईट म्हणू नये. पण या दुखण्यात टिकाऊ फरक व्यायामाने पडतो, आणि त्याचा चांगला पुरावा नॉर्वेतून आला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाळंतपणानंतर श्रोणी दुखणाऱ्या ८१ स्त्रिया होत्या. दोन्ही गटांना फिजिओथेरपी मिळाली. एका गटाला मात्र कड्याला आवळून धरणाऱ्या स्नायूंचे खास व्यायाम वीस आठवडे दिले गेले. वर्षानंतर त्या गटातील स्त्रियांची दैनंदिन कामातली अडचण निम्म्याहून अधिक घटली होती. दुसऱ्या गटात फरक नगण्य होता. दोन वर्षांनंतरही ही तफावत टिकून होती.

हे व्यायाम कसले? पाहणाऱ्याला ते व्यायाम वाटतच नाहीत. आरंभी उताणे किंवा कुशीवर झोपून, श्वास न रोखता, ओटीपोटाचा सर्वांत आतला स्नायू हळुवार आत ओढायचा. पोट फुगवायचे नाही, पाठ दाबायची नाही. त्याच वेळी लघवी अडवताना जे स्नायू आवळतात ते श्रोणीच्या तळाचे स्नायू हलकेच वर घ्यायचे. दहा सेकंद धरून सोडायचे. सोडता येणे हेही धरण्याइतकेच महत्त्वाचे. काही स्त्रियांत हे स्नायू दुबळे नसून सतत आवळलेले असतात, आणि त्यांना आधी सैल करायला शिकवावे लागते. हे साधले की गुडघे दुमडून नितंब उचलणे, कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडणे, हातापायांवर ओणवे राहून एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांबवणे, असा क्रम. शेवटी उभ्याने, वजन घेऊन, पायरीवर. प्रत्येक टप्पा वेदनेच्या मर्यादेत. “दुखेल तेवढे बरे” हा आखाड्याचा नियम इथे लागू नाही. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशीही तसेच असेल तर एक पायरी मागे यावे.

पट्ट्याविषयी फार गैरसमज आहेत. औषधाच्या दुकानातला रुंद, पोटावर बांधायचा कंबरपट्टा हा नव्हे. श्रोणीचा पट्टा अरुंद असतो आणि कमरेच्या पुढच्या हाडांच्या टोकांलगत खाली, नितंबांच्या वरच्या भागावरून बांधतात. तो चालताना आणि उभ्याने काम करताना वापरायचा, झोपताना काढायचा, आणि स्नायू सबळ होतील तसा कमी करत जायचे. आपल्याकडे बाळंतिणीचे पोट जुन्या लुगड्याच्या पट्टीने आवळून बांधत. ती पट्टी खाली, हाडांवर बांधली तर आधार मिळतो. पोटावर करकचून बांधली तर आतला दाब खाली, श्रोणीच्या तळावर पडतो आणि शिंकताना लघवी निसटण्याची तक्रार वाढू शकते.

परंपरेकडे सरसकट नाक मुरडणे जसे चूक, तसे ती सरसकट शास्त्रीय म्हणणेही चूक. सव्वा महिना बाळंतिणीला जड कामापासून दूर ठेवायचे, कोणीतरी बाळाला बघायचे, मालीश करणारी बाई रोज येऊन अंग मोकळे करायची, शेक द्यायचा, डिंकाचे-अळिवाचे लाडू द्यायचे, यात मोठे शहाणपण होते. ‘आई झाली म्हणजे सुटली’ असे न मानता तिच्या झिजेची भरपाई करण्याची ती रीत होती. पण सव्वा महिना खाटेवरून उतरूच द्यायचे नाही, हे स्नायूंना मानवत नाही. आणि एकेचाळिसाव्या दिवशी एकदम सगळा संसार तिच्या अंगावर टाकायचा, हे तर मुळीच नाही. मधला उतार हवा. पहिल्या दिवसांपासून घरातल्या घरात चालणे आणि हलके श्वासाचे व्यायाम, मग हळूहळू पुढे.

गर्भारपणात पाचांतील एका स्त्रीला ही वेदना होते, असा २००८ सालच्या युरोपीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेचा अंदाज आहे. बहुसंख्य स्त्रियांना प्रसूतीनंतर काही महिन्यांत आपोआप बरे वाटते. रिलॅक्सिन नावाचे संप्रेरक अस्थिबंध सैल करते, एवढेच कारण पूर्वी सांगत. संप्रेरकाचे प्रमाण आणि वेदनेची तीव्रता यांचा सरळ मेळ बसत नाही, असे पुढे दिसून आले. शरीराचा तोल पुढे जातो, पोटाचे स्नायू ताणले जातात, पूर्वी कंबरदुखी झालेली असते, झोप नसते, काळजी असते. सारे मिळून हे घडते. स्वीडनमधील ३८६ गर्भवतींच्या २००५ सालच्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांना अॅक्युपंक्चरची किंवा स्नायूंच्या व्यायामाची जोड दिल्यावर वेदना अधिक कमी झाल्या, आणि अॅक्युपंक्चरचा परिणाम त्यात सरस ठरला. पूर्वेकडच्या एका प्राचीन पद्धतीला पाश्चात्य कसोटीवर मिळालेली ही दाद आहे. तशीच कसोटी आपल्या पद्धतींनीही मागून घ्यावी.

पुण्यात या संदर्भात बी. के. एस. अय्यंगार यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९३७ साली ते या शहरात आले, २०१४ मध्ये इथेच निवर्तले, आणि १९७५ पासून शिवाजीनगरच्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत दोर, पट्टे, ठोकळे, खुर्च्या यांच्या साह्याने दुखऱ्या शरीरालाही आसन साधता येते हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी स्त्रियांच्या अवस्थांनुसार आसनांची मांडणी केली. ज्याला रुग्णाने आसनापर्यंत जायचे नसून आसनाने रुग्णापर्यंत यायचे असते हे कळले, त्याच्या हाती योग या दुखण्यात उपकारक ठरतो. पण पुस्तकातील चित्र पाहून पुढे खोल वाकणारी, किंवा श्रोणी जमिनीला खिळवून कणा पिळणारी स्त्री याच सांध्यावर सारा पीळ घेते. सूर्यनमस्कारातही एक पाय खूप मागे टाकताना चमक येत असेल, तर काही आठवडे पाऊल लहान घ्यावे. सूर्यनारायण रागावणार नाही.

राहता राहिली रोजची राहणी. पुणे दुचाकींचे शहर. गाडी मुख्य स्टँडवर चढवताना एका पायावर सारा जोर पडतो. दुखणाऱ्या स्त्रीने बाजूचे स्टँड लावावे. मूल कडेवर घेणे ही तर आपल्या आईपणाची खूण. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी पेठांतील हौदांत आले, तेव्हापासून इथल्या बायकांनी कमरेवर कळशी वाहिली आणि दुसऱ्या वेळी त्याच कमरेवर मूल. दुखणे असेतो मूल छातीशी, मधोमध धरावे. कडेवर घ्यायचेच तर बाजू बदलावी. अंथरुणात वळताना गुडघे दुमडून, एकत्र ठेवून, खांदे आणि श्रोणी एकदम वळवावी. सलवार, मोजे बसून घालावेत. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. या बाबी क्षुल्लक वाटतात. पण दिवसातून चाळीस वेळा होणारी चमक दहावर आली की माणसाला व्यायाम करण्याचे धैर्य येते.

खरी अडचण वेळेची आहे, आणि ती एकट्या रुग्णाची नाही. वीस मिनिटे दार लावून जमिनीवर पडून राहणाऱ्या सुनेकडे घर कसे पाहते? १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि परिचारिका व सुईणी घडवण्याचे काम त्याने अंगावर घेतले, तेव्हा स्त्रीच्या शरीराची पीडा ही उंबऱ्याआड सोसायची गोष्ट नाही, हेच त्यातून सांगितले जात होते. शतक उलटले, तरी “आम्हीही बाळंतपणे काढली” हे वाक्य पेठेत अजून ऐकू येते. त्यांनी काढली हे खरे; त्यांपैकी कितीजणी साठीत गुडघ्यावर हात दाबून उठत होत्या, तेही त्यांनाच विचारावे. त्या वीस मिनिटांत बाळाला नवऱ्याने किंवा आजोबांनी सांभाळले, तर अर्धा उपचार घरात झाला.

फिजिओथेरपिस्ट निवडताना पदवी आणि परिषदेकडील नोंदणी विचारण्यात संकोच बाळगू नये. हे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. पुण्यातील सैनिकी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने त्याचे शिक्षण सुरू झाले. २०२१ मध्ये संसदेने या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. जो पहिल्याच भेटीत अंग न तपासता यंत्र लावतो, किंवा महिनाभराचे पैसे आधी मागून ‘हाड बसवून देतो’ म्हणतो, त्याच्याकडून उठून यावे. जो आधी अर्धा तास ऐकून घेतो, तपासतो, दोनच व्यायाम देऊन आठवड्याने बोलावतो, तो आपला. अनेक महिने मनापासून व्यायाम करूनही दुखणे हटलेच नाही तर सांध्यात इंजेक्शन देता येते. सांधा स्क्रूने जखडण्याची शस्त्रक्रियाही आहे; पण तिची गरज अगदी थोड्यांना पडते, आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय तिच्यासाठी होकार देऊ नये.

दुसऱ्या बाळंतपणाची भीती हा प्रश्न नेहमी निघतो. पहिल्या वेळी ही वेदना झाली असेल तर पुन्हा होण्याचा संभव अधिक, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तेवढ्यासाठी शस्त्रक्रियेने प्रसूती करावी असेही नाही. दोन गरोदरपणांच्या मध्ये स्नायू सबळ करून घ्यावेत. प्रसूतीपूर्वी, पाठीवर झोपून वेदना न होता गुडघे किती अंतरापर्यंत उघडतात हे मोजपट्टीने मोजावे, ते अंतर कागदावर लिहून ठेवावे आणि प्रसूतीच्या खोलीत डॉक्टरांच्या व परिचारिकेच्या हाती द्यावे. भूल दिलेली असली तर वेदना कळत नाही आणि पाय गरजेपेक्षा अधिक ताणले जातात. कुशीवर किंवा हातापायांवर ओणवे राहून प्रसूती शक्य आहे का, हेही आधीच विचारून ठेवावे.